घंटा होण्यापूर्वीचा अर्धा तास

नरकचतुर्दशीच्या पहाटे घराघरांतून जे आवाज उठतात, त्यांत सनई आणि फटाके यांच्याखेरीज आणखी एक आवाज असतो. पण दिवाळीच्या वर्णनांत त्याला कोणी जागा देत नाही. तो आवाज आईचा असतो. बंबात पाणी कढत असते, पाटावरचे पोर डोळ्यांत उटणे गेले म्हणून रडत असते, दुसरे अजून पांघरुणातून बाहेर निघालेले नसते, तिसऱ्याच्या नव्या सदऱ्याचे बटण नेमके त्याच घटकेला तुटते. आणि सूर्य तर कोणासाठी थांबत नाही. सूर्योदयापूर्वी अंघोळ न करणारा नरकात जातो, हे वाक्य शास्त्राने सांगितले असेल. परंतु पोरांच्या कानी ते पडते ते शास्त्रीबुवांच्या तोंडून नव्हे, धीर संपलेल्या आईच्या तोंडून. मंगल दिवसाचा पहिला धपाटा कित्येकांना अभ्यंगाच्या पाटावरच मिळालेला असतो.

इतिहासाच्या पुस्तकांत तहांची कलमे आणि लढायांच्या तारखा सापडतात. सणाच्या सकाळी आईबापांचा धीर कसा सुटला याची नोंद कोण ठेवणार? तथापि एका बाबतीत अशी नोंद, विखुरलेली का होईना, मिळते. रविवारी मुलांना न्हाऊमाखू घालून, चांगले कपडे चढवून, घंटा होण्यापूर्वी चर्चमध्ये नेऊन बसवण्याचे जे काम ख्रिस्ती घरांतून शतकानुशतके चालत आले, त्याच्या खुणा कायद्यांत, पत्रांत आणि आत्मचरित्रांत राहिल्या आहेत. आपली पहाट वर्षातून एकदा येते. त्यांची वर्षातून बावन्न वेळा येई. तेव्हा या विषयात त्यांचा अनुभव आपल्याहून मोठा, हे मान्य केले पाहिजे.

प्रथम कायदा पाहू. १५५९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने, राणी एलिझाबेथच्या कारकीर्दीच्या प्रारंभीच, असे ठरवले की रविवारी व सणाच्या दिवशी सबळ कारणावाचून जो आपल्या चर्चला हजर राहणार नाही, त्याला दर खेपेस बारा पेन्स दंड व्हावा आणि तो पैसा गोरगरिबांसाठी खर्च व्हावा. बारा पेन्स म्हणजे एक शिलिंग. आज ही रक्कम हसण्यावारी जाईल. पण त्या काळच्या मजुराला ती चांगलीच जड होती. त्याच काळच्या प्रार्थनापुस्तकात आणखी एक आज्ञा होती: आईबापांनी आपली मुले आणि मालकांनी आपले नोकर धर्माची प्रश्नोत्तरे शिकण्यासाठी चर्चमध्ये पाठवावीत. म्हणजे मूल देवासमोर आणून उभे करणे ही केवळ भक्ती राहिली नाही. ती आईबापांवरची जबाबदारी झाली. आणि जबाबदारीच्या मागे घाई आलीच.

घाईला पुढे आणखी एक सोबतीण मिळाली. ती म्हणजे लोकांची नजर. चर्चमधली बाके घराण्यांच्या मानाप्रमाणे वाटलेली असत. अमक्याचे बाक पुढे, तमक्याचे मागे. उशीर झाला की सगळ्या गावादेखत मधल्या वाटेने चालत आपल्या जागेवर जायचे, आणि मागे धाकट्याचा मोजा घसरलेला! ज्या बाईला हे करावे लागे, तिचा राग मोज्यावर नसून गावाच्या डोळ्यांवर असे. पण गावाला बोलता येत नाही, म्हणून तो पोरावर निघे. हा न्याय आपल्याला अपरिचित नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी दाराशी उभे राहून येणारी कुटुंबे पाहावीत. आत शिरण्यापूर्वी पायरीवर आईची बोटे मुलाच्या केसांतून ज्या वेगाने फिरतात, त्यात माया किती आणि लोकलज्जा किती, याचा हिशेब करणे कठीण जाते.

सतराव्या शतकात जे प्युरिटन लोक इंग्लंड सोडून अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात जाऊन राहिले, त्यांनी तर हा दिवस अधिकच कडक केला. त्यांचा शब्बाथ शनिवारी सूर्यास्तालाच सुरू होई. सूर्य बुडण्यापूर्वी रविवारचा स्वयंपाक उरकलेला असला पाहिजे. त्यांच्या प्रार्थनागृहात हिवाळ्यात शेकोटी नसे. बायका पायांशी निखाऱ्यांची छोटी पेटी ठेवून बसत. प्रवचन वाळूच्या घड्याळावर चाले आणि एकदा वाळू संपली म्हणजे प्रवचन संपलेच असे नसे. सकाळची उपासना झाली की मध्यंतर आणि पुन्हा दुपारची उपासना. मुलगे आईबापांजवळ बसत नसत. त्यांना जिन्यावर किंवा वरच्या सज्जात एकत्र बसवीत. आता गावातली सगळी वांड मुले एका ठिकाणी बसवली तर काय होईल, हे कोणताही शाळामास्तर शपथेवर सांगू शकेल! तसेच झाले. मग त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी एक अधिकारी नेमावा लागला. त्याच्या हाती लांब काठी असे. एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला कोल्ह्याच्या शेपटीचा किंवा सशाच्या पायाचा मऊ झुबका. पेंगणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर झुबका फिरे आणि खुसखुसणाऱ्या पोराच्या डोक्यात गाठ बसे. आईबापांचा धीर सुटला तर काय करायचे, या प्रश्नाला त्या समाजाने असे उत्तर शोधले की रागावण्याचे कामच सरकारी करून टाकावे.

परंतु या साऱ्या इतिहासात धीराचा खरा प्रश्न ज्या एका घरात विचारला गेला, ते घर इंग्लंडमध्ये लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ गावी होते. तेथील धर्मगुरू सॅम्युएल वेस्ली आणि त्यांची पत्नी सुझाना. सुझानाचा जन्म १६६९ चा. ती स्वतः बापाच्या पंचवीस मुलांतली शेवटची. तिला एकोणीस अपत्ये झाली. त्यांतली नऊ तान्हेपणीच गेली. उरलेल्या दहांपैकी जॉन आणि चार्ल्स हे पुढे मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक म्हणून जगाला माहीत झाले. नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज, घर दलदलीच्या मुलखात, गावकऱ्यांशी नवऱ्याचे फारसे बरे नाही, अशा स्थितीत ही बाई घरातच मुलांची शाळा चालवी.

१७३२ साली जॉनने विचारल्यावरून तिने आपली पद्धत एका लांब पत्रात लिहून पाठवली. आजच्या वाचकाला ते पत्र वाचताना दोन वेळा थांबावे लागते. मूल वर्षाचे झाले की, काहींच्या बाबतीत त्याआधीच, त्याला छडीची भीती वाटली पाहिजे आणि रडायचे तर हळू रडता आले पाहिजे, असे ती लिहिते. मुलाचा हट्ट प्रथम मोडला पाहिजे, हे तिच्या शिक्षणाचे पहिले सूत्र. येथे आपण दचकतो आणि दचकलेच पाहिजे. पण त्याच पत्रात पुढे वेगळीच कलमे आहेत. आपली चूक जो मूल होऊन सांगेल त्याला मारायचे नाही. नाहीतर भीतीपोटी ते खोटे बोलायला शिकते. एका चुकीबद्दल दोनदा शिक्षा करायची नाही, आणि मागाहून ती चूक उगाळायची नाही. मुलाने ऐकले की त्याचे कौतुक करायचे. काम नीट जमले नाही तरी हेतू चांगला असेल तर तोही गोड मानून घ्यायचा. छडी हाती असलेल्या बाईने छडीला घातलेले हे कुंपण होते. रागाच्या भरात मारणे आणि ठरवून शिक्षा करणे यांत तिने रेघ ओढली होती. आपण तिची छडी नाकारू. पण ती रेघ नाकारता येणार नाही.

तिच्या त्या व्यवस्थेवरही एकदा अरिष्ट आले. १७०९ च्या फेब्रुवारीत एका रात्री घराला आग लागून सारे जळाले. पाच वर्षांचा जॉन माडीवर अडकला होता. शेजाऱ्यांपैकी एकाच्या खांद्यावर दुसरा चढला आणि त्याने खिडकीतून मुलाला काढले. घर नाही म्हणून मुले निरनिराळ्या कुटुंबांत ठेवावी लागली. ती पुन्हा एका छपराखाली आली तेव्हा आईला दिसले की वर्षानुवर्षांची शिस्त विसकटून गेली आहे. मुले गावंढळ बोलू लागली होती, नको ती गाणी शिकली होती आणि रविवार पाळण्याचे त्यांना भान राहिले नव्हते. तिने सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. त्यानंतरच तिने प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ नेमून दिली. त्या वेळात एकट्या त्याच मुलाशी बोलायचे. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. थोरपणी जॉनला त्या गुरुवारांची आठवण होत असे.

या घरातली एक गोष्ट पुढे जॉन वेस्लीने आपल्या प्रवचनात सांगितली आहे. एका मंदबुद्धीच्या मुलाला सुझाना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवीत होती. नवरा बसल्या बसल्या मोजत होता. शेवटी न राहवून त्याने विचारले की वीस वेळा तेच ते सांगण्याइतका धीर तुला येतो तरी कोठून? ती उत्तरली की एकोणीस वेळा सांगून थांबले असते तर आधीची सारी मेहनत फुकट गेली असती. या उत्तरात धीर हा शब्द नाही, हे ध्यानात घ्यावे. नवरा त्याला धीर म्हणत होता. तिच्या लेखी तो साधा व्यवहार होता. विहीर खणताना एकोणीस हातांवर थांबून चालत नाही, इतकाच.

सुझानाचे घर गरीब असले तरी धर्मगुरूचे होते. ज्यांना घरच नव्हते म्हणण्यासारखी स्थिती, त्यांच्या मुलांचे काय? ग्लॉस्टर शहरात टाचण्या बनवण्याचे कारखाने होते आणि त्यांत लहान मुले आठवड्याचे सहा दिवस राबत. रविवारी ती मोकळी सुटत आणि रस्त्यांतून हैदोस घालीत. 'ग्लॉस्टर जर्नल' या वृत्तपत्राचे मालक रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली या मुलांसाठी रविवारची शाळा काढली; आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत पुढे जिला शब्बाथशाळा हे नाव मिळाले, तिचा हा ठळक आरंभ. शाळा कोठे, तर सूटी अ‍ॅली नावाच्या गल्लीत. आपण तिला काजळी गल्ली म्हणू. शिकवणाऱ्या बाईंना दर रविवारी एक शिलिंग. मुलांनी थोड्याच काळात त्या बाईंना इतके हैराण केले, की शाळा उचलून दुसऱ्या बाईंच्या घरी न्यावी लागली. शिलिंगात अक्षरे येतात, धीर येत नाही!

रेक्स यांची एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. चांगले कपडे नाहीत म्हणून गरीब मुले चर्चला येत नसत. आईबापही लाजेने पाठवीत नसत. रेक्स यांनी सांगितले की मला एवढेच हवे: हात स्वच्छ, तोंड स्वच्छ आणि केस विंचरलेले. अंगात घालायला धड सदरा नसेल तर आहे त्यात या. या एका सवलतीने किती घरांतल्या रविवारच्या सकाळी सोप्या झाल्या असतील! कारण आईचा धीर बहुधा देवासाठी सुटत नाही, कपड्यांसाठी सुटतो. एकच चांगला जोड असतो, तो चिखलात भरला तर दुसरा नसतो. ज्याने कपड्यांची अट काढून टाकली, त्याने कित्येक धपाटे वाचवले. १८३१ पर्यंत ब्रिटनमध्ये रविवारच्या शाळांत सुमारे साडेबारा लाख मुले जाऊ लागली होती.

पण मध्यमवर्गाने कपड्यांची अट सोडली नाही. उलट एकोणिसाव्या शतकात ती वाढवली. शनिवारची रात्र ही इंग्लंड-अमेरिकेतल्या साध्या घरांतून अंघोळीची रात्र झाली. स्वयंपाकघरात चुलीपुढे पत्र्याचे टब मांडायचे, पाणी तापवायचे आणि मुलांना एकामागून एक त्यात बसवायचे. पाणी बहुधा तेच. मुलींचे ओले केस चिंध्यांत गुंडाळून ठेवायचे, म्हणजे सकाळी कुरळे बटवे सुटतील. बूट रात्रीच पुसून ओळीने ठेवायचे. रविवारी खेळणी कपाटात बंद. अपवाद नोहाच्या तारवाचा, कारण ते खेळणे बायबलातले!

या रविवाराविषयी मुलांना काय वाटे, हे दोघांनी मोठेपणी लिहून ठेवले आहे. पहिला जॉन रस्किन. जन्म १८१९ चा. आई कडक धार्मिक. तो रडला, त्याने सांगितलेले ऐकले नाही किंवा जिन्यावरून पडला, तरी त्याला छडी मिळे. आत्मचरित्रात त्याने लिहिले आहे की रविवारच्या धास्तीची सावली शुक्रवारपासूनच मनावर पडू लागे. १८५८ साली इटलीतल्या तुरीन शहरी, रविवारीच, एका छोट्या चर्चमधून बाहेर पडताना आईने दिलेला तो कडक धर्ममार्ग त्याने मनातून सोडून दिला. आणि तरीही आईने रोज बसवून वाचून घेतलेल्या बायबलामुळेच आपली भाषा घडली, हेही त्याने कृतज्ञतेने कबूल केले. रोजचे वाचन टिकले, रविवार टिकला नाही. आई दोन्हीकडे तीच होती. एकीकडे तिने मुलाबरोबर बसून वाचले, दुसरीकडे त्याला नुसते गप्प बसवले.

दुसरी लॉरा इंगल्स वाइल्डर. जन्म १८६७ चा, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन रानातला. १९३२ साली निघालेल्या तिच्या पहिल्या पुस्तकात शनिवारची अंघोळ आहे आणि बर्फ वितळवून केलेले पाणीही आहे. एका रविवारी गप्प बसून बसून छोट्या लॉराचा संयम संपतो आणि रविवार मला मुळीच आवडत नाही, असे ती ओरडून सांगते. बाप हाक मारतो. आता मार बसणार, असे तिला वाटते. पण बाप तिला मांडीवर घेतो आणि तिच्या आजोबांची गोष्ट सांगतो. आजोबा आणि त्यांचे भाऊ लहान असताना रविवारी बाप पेंगतो आहे असे पाहून घसरगाडी घेऊन निघाले. वाटेत एक डुक्कर आडवे आले, ते गाडीवर बसले आणि किंचाळत घरासमोरून गेले! बाप काहीच बोलला नाही. कारण शब्बाथ होता. सूर्य मावळला, शब्बाथ संपला आणि मग त्याने तिघांना एकेक करून कोठारात नेले. त्या पणजोबांचा धीर मोठाच. फक्त त्याला सूर्यास्ताची मुदत होती. पण पुढच्या पिढीत त्याच घराण्यातल्या बापाने छडीऐवजी गोष्ट काढली. तीन पिढ्यांच्या अंतरात एवढा पालट होणे, ही माझ्या मते कोणत्याही तहाइतकीच महत्त्वाची घटना आहे.

आपल्या महाराष्ट्रातही हा इतिहास पोहोचलेला आहे. एरवी आपला रविवार खंडोबाचा; गिरणी कामगारांना ती सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून झगडावे लागले आणि १८९० मध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. परंतु वसईच्या पट्ट्यात, जेथे १५३४ साली पोर्तुगीज आले आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावरही ख्रिस्ती वस्ती नांदत राहिली, तेथे रविवारची सकाळ शतके न शतके मिस्सेची आहे. आणि कॅथलिक घरांत आईच्या धीराची परीक्षा पाहणारी आणखी एक गोष्ट होती. ती म्हणजे भूक. जो पवित्र प्रसाद घेणार त्याने मध्यरात्रीपासून अन्नच काय, पाणीही घ्यायचे नाही, असा नियम होता. १९१० साली पोप दहावे पायस यांनी सुमारे सात वर्षांच्या मुलालाही हा प्रसाद द्यावा असे ठरवले. हेतू मायेचाच होता. परंतु त्यामुळे सात वर्षांची उपाशी पोरे नवे कपडे घालून, न कळणारी लॅटिन भाषा ऐकत बसू लागली. उपाशी मूल किरकिरते आणि उपाशी आई चिडते, हे समजायला धर्मशास्त्र शिकावे लागत नाही. १९५३ साली पाण्याची मोकळीक मिळाली, १९५७ साली उपास तीन तासांवर आला, १९६४ साली एका तासावर. आणि १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, होऊ लागली. रोममधल्या त्या कागदांनी दूरवरच्या वाडीतल्या एखाद्या घरातला सकाळचा आवाज कमी केला असेल, असे म्हणायला हरकत नाही.

या साऱ्याचा मेळ घातला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. आईबाप मुलांवर ज्या क्षणी ओरडतात, त्या क्षणी कारण मूल नसतेच. कारण घंटा असते, शेजाऱ्याचे डोळे असतात, एकुलता चांगला सदरा असतो किंवा पोटातली भूक असते. या चारांपैकी एकेक गाठ जेथे जेथे कोणी सैल केली, तेथे धीर आपोआप वाढला. रेक्स यांनी सदऱ्याची गाठ सोडली, पोपांनी भुकेची सोडली. घंटेची गाठ मात्र कोणा थोर पुरुषाने सोडली नाही. ती शनिवारी रात्री बूट पुसून ओळीने मांडून ठेवणाऱ्या अनाम आयांनी सोडली. धीर हा स्वभावाचा गुण असेल, पण त्याचा अर्धा भाग आदल्या संध्याकाळच्या तयारीत असतो.

चौथी गाठ लोकांच्या डोळ्यांची. तिला कायदा नाही, हुकूम नाही. ती ज्याची त्याने सोडायची. एखादे कुटुंब उशिरा आले, धाकट्याचा भांग वाकडा आणि मोजा घसरलेला असला, तर बाकावर आधी येऊन बसलेल्यांनी मान वळवून पाहू नये आणि थोडे सरकून जागा करून द्यावी. मग त्या आईला हात उगारायचे कारण उरणार नाही. तो हात मुलाच्या खांद्यावर नुसता टेकेल, आणि देवाच्या दारी आलेल्या मुलाला पुढे कधी त्या दिवसाची आठवण झाली तर हातच आठवेल.